पांढऱ्या पोशाखाचा उलटा टाका

पेटीचं झाकण बाजूला ठेवून आश्लेषानं टिशू पेपरचा वरचा थर उचलला, आणि तिचा हात तिथेच थबकला.

आत पांढरा पोशाख नीट घडी घालून ठेवलेला होता. बारीक चुण्यांचा घेरदार परकर, रुंद बाह्यांचं पोलकं, लांब एप्रन. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याचं भरतकाम. सगळं जागच्या जागी होतं. तिनं परकराची कड उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पुन्हा धरली. मग हळूच खाली ठेवली.

"हा तो नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

शुक्रवार होता. सकाळचे साडेआठ. दुपारी दोन वाजता कोलंबस शहरातल्या प्रदर्शनासाठी ट्रक येणार होता, आणि त्या प्रदर्शनाच्या मधोमध, काचेच्या मोठ्या कपाटात, हाच सत्तेचाळीस नंबरचा पोशाख उभा राहायचा होता.

आश्लेषा मूळची इचलकरंजीची. आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर. कापड बोटांनी वाचायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते घरातच होतं. आता ती अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला जुन्या वस्त्रांच्या जतनावर पीएचडी करत होती आणि शेजारच्याच डब्लिन गावात नीलांबरीकाकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होती. मे महिन्यापासून आठवड्यातून तीनदा अडीच तास ड्राइव्ह करून ती ऑस्टर मिलला यायची. पोलादाचा कारखाना केव्हाच बंद पडलेलं हे छोटं गाव. कारखान्यासाठी इथं आलेल्या क्रोएशियन लोकांनी बांधलेली एक इमारत अजून तग धरून होती. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्यांचं म्युझियम. तिथले ब्याऐंशी पोशाख तपासून, फोटो काढून नोंदवायचे, हे तिचं काम.

ती धावतच जिना उतरली.

संस्थेचा अध्यक्ष व्लाडो काळा सूट घालून हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. बहात्तर वर्षांचा, खांदे अजून भट्टीवरच्या कामगाराचे. आज बारा वाजता समोरच्या चर्चमध्ये काताची अंत्यप्रार्थना होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, एक्क्याण्णव वर्षांची, मंगळवारी गेली होती. पांढरा पोशाख तिच्याच संदुकीतला.

"सत्तेचाळीस नंबर बदललाय," आश्लेषा म्हणाली.

"चोरीला गेला?"

"नाही. म्हणजे, हो. त्याच्या जागी दुसरा ठेवलाय. नक्कल आहे ती."

व्लाडोनं खुर्ची खाली ठेवली. "म्हणजे पेटीत पोशाख आहे."

"आहे, पण तो नव्हे!"

"अ‍ॅश, आज माझ्याकडे दीडशे माणसं जेवायला येणार आहेत. पेटीत पांढरा पोशाख असायला हवा आणि पेटीत पांढरा पोशाख आहे. मग मी नक्की काय शोधू?"

तिनं त्याला ओढतच वर नेलं. पडदे ओढून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च परकरावर धरला. अंधारात भरतकामाच्या वेली निळ्या झगझगल्या.

"बघा. हल्लीच्या दोऱ्याला जास्त पांढरं दिसावं म्हणून रसायन लावलेलं असतं. ते या उजेडात चमकतं. सत्तर वर्षांपूर्वी खेड्यात घरी कातलेल्या दोऱ्याला ते कुठून लागणार?"

"कपडे धुवायच्या पावडरीतही तेच असतं," व्लाडो शांतपणे म्हणाला. "तरुणपणी डान्सहॉलमध्ये माझे शर्ट असेच चमकायचे. कोणीतरी हा धुतलाय, एवढंच." तो तिच्याकडे रोखून बघू लागला. "आणि याला हात लावायची परवानगी एकाच माणसाला आहे."

"मी धुतला? मी?"

"मी तसं म्हटलं नाही. किल्ल्या दोनच. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे."

तो खाली गेला. आश्लेषाला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

तिनं शेरीफच्या ऑफिसला फोन केला. पलीकडच्या बाईनं सगळं ऐकून विचारलं, "मॅडम, वस्तू तिच्या जागी आहे, असंच तुम्ही म्हणताय ना?" मग तिनं तिच्या गाइड प्रोफेसर कार्व्हरना फोन केला. तिथून तर आणखीच थंड आवाज आला.

"पेटी सील तू केलीस. उघडलीस तू. मधल्या काळात वस्तू बदलली असं म्हणणारी तू एकटीच. आश्लेषा, सोमवारी याची चौकशी होईल. तोवर प्रोजेक्टपासून लांब राहा."

प्रोजेक्ट गेला तर असिस्टंटशिप जाणार, ती गेली तर व्हिसाचं काय, हे प्रोफेसर बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

ती पुन्हा टेबलाशी बसली. लांब राहायचं तर सोमवारपासून. आज शुक्रवार होता.

पेटी शेवटची बंद कधी केली? ऑगस्टच्या शेवटी. त्याआधी पोशाख आठवडाभर खालच्या स्वयंपाकघरातल्या डीप फ्रीजरमध्ये होता. कसर मारायला जुनी वस्त्रं गोठवतात. तिनंच तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, टेप लावून, वर ‘उघडू नये’ अशी, ठेवायच्या-काढायच्या तारखांसकट चिठ्ठी डकवून ठेवला होता. आठ दिवसांनी बाहेर काढला तो गुंडाळलेलाच, आणि तसाच पेटीत घातला. आत डोकावलीच नव्हती. थंड कापड लगेच उघडू नये, असा नियम. नियम पाळला आणि फसली.

म्हणजे किल्लीचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघर सगळ्या गावाला उघडं.

खाली कांद्याचा आणि उकडलेल्या कोबीचा वास कोंदला होता. तेता रुझा एकटीच उभी होती. तेता म्हणजे मावशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रुझाला सगळं गाव तेताच म्हणायचं. नाचाच्या ग्रुपचे कपडे तीच शिवायची, दुरुस्त करायची, आणि लग्न असो की मयत, स्वयंपाकघर तीच सांभाळायची. तिनं मोठ्या पातेल्यातून कोबीचं पान उचललं, डाव्या हातातल्या सुरीनं त्याची जाड शीर काढली, भात-खिम्याचं सारण ठेवलं आणि चटकन गुंडाळलं.

"खाल्लंस का काही, पोरी?"

"तेता, ऑगस्टमध्ये या फ्रीजरला कोणकोण हात लावत होतं?"

"सगळेच. पिकनिक होती ना. काताच्या मुलानं, मार्कोनं सॉसेज आणून कोंबले. व्लाडोनं बर्फ. मी रोल ठेवले."

"माझं पाकीट कोणी हलवलेलं दिसलं का?"

"दिवसातून दहादा हलायचं. जागा कुठे होती?" रुझानं दुसरं पान उचललं. "हरवलं का काही?"

"सत्तेचाळीस नंबर. काताचा पांढरा."

रुझाचे हात थांबले नाहीत. "आज तिला पोचवायचंय. बाकी सगळं उद्या बघ."

आश्लेषा चिडून वर आली. जून महिन्यात हीच रुझा तीन दिवस तिच्या शेजारी बसून एकेका टाक्याचं नाव सांगत होती. एकदा तिनं मध्येच विचारलंही होतं, यातलं काही कोणी परत मागितलं तर? आश्लेषानं मान वर न करता उत्तर दिलं होतं, फॉर्म असतो, बोर्डाकडे अर्ज करायचा. तेव्हा एवढ्या गप्पा, आणि आज मदतीची वेळ आली तर उद्या बघ!

तिनं पडदे पुन्हा ओढले आणि टॉर्च लावला. या वेळी नुसतं झगझगणाऱ्या वेलींकडे न बघता वेलींच्या मधल्या कापडाकडे बघितलं.

कापड काळोखातच होतं.

ती खुर्चीवरून उठली. परकर, पोलकं, एप्रन, इंच इंच बघितलं. दोरा चमकत होता, कापड अजिबात चमकत नव्हतं. पावडरीत धुतलं असतं तर दोरा आणि कापड दोन्ही चमकलं असतं. व्लाडोचं म्हणणं तिथेच संपलं.

पण मग कापड अस्सल जुनं होतं! घरी कातलेलं, अरुंद मागावर विणलेलं, हातभर रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या. सत्तर वर्षं कोणीतरी न कापता जपून ठेवलेलं कापड, आणि शिवलेलं मात्र या उन्हाळ्यात.

तिनं लॅपटॉप उघडला. मूळ पोशाखाचे आतले फोटो काढायचे राहूनच गेले होते, याबद्दल ती सकाळपासून स्वतःला शिव्या घालत होती. एकच जवळून काढलेला फोटो होता, परकराच्या कडेचा. सेंटीमीटरमधले दोरे मोजायला काढलेला. चौदा दोरे. टेबलावरच्या कापडातही चौदाच. यानं काय सिद्ध होणार?

तेवढ्यात तिची नजर दोऱ्यांवरून शिवणीवर गेली. फोटोतले तुरपाईचे तिरपे टाके उजवीकडे झुकलेले. तिनं टेबलावरची कड त्याच्याशेजारी धरली. इथले टाके डावीकडे झुकलेले.

सकाळी बोटांना जे खटकलं होतं ते हेच.

त्याच वेळी व्लाडो दारात येऊन उभा राहिला. "हे बघ, ट्रकवाल्याला मी नाही म्हणून सांगू का?"

"शिकागोचा तो संग्राहक," आश्लेषा म्हणाली, "उन्हाळ्यात दोनदा आला होता. दोन्ही वेळा त्यानं पांढराच मागितला. त्याच्याशी तुम्हीच बोलत होतात."

व्लाडोचा चेहरा लाल झाला. "तुला वाटतं मी काताचा पोशाख विकला? माझ्या आईच्या मैत्रिणीचा?"

"मी फक्त विचारतेय."

"दोन्ही वेळा त्याला दार दाखवलं मी. आणि आज मी तिची शवपेटी खांद्यावर घेणार आहे. तीही बंद. आमच्यात पेटी उघडी ठेवतात, माणसं शेवटचं बघतात. पण नाही, कातानं म्हणे सांगून ठेवलं होतं, बंदच ठेवा. शेवटचं तोंडसुद्धा दिसणार नाही. आणि तू मला विचारतेस!"

दार धाडकन आपटलं. आपण चूक केली हे आश्लेषाला दार बंद व्हायच्या आतच कळलं होतं. विकायलाच न्यायचा असता तर चोरानं दुकानातलं पांढरं लिनन वापरलं असतं. असलं जुनं, न कापलेलं कापड कोण खर्ची घालील?

साडेदहा वाजले होते. ती हवेसाठी पार्किंग लॉटमध्ये आली. काताचा मुलगा मार्को गाडीला टेकून उभा होता. साठीचा, ट्रक कंपनीत डिस्पॅचर. त्याच्या हातात हँगरवर प्लॅस्टिकच्या पिशवीत निळा ड्रेस होता. आईला वृद्धांच्या निवासात हलवताना, मार्च महिन्यात, त्यानंच तिची संदूक म्युझियमला देऊन टाकली होती. देणगीच्या कागदावर सही त्याचीच.

"सॉरी फॉर युअर लॉस," ती म्हणाली. मग थांबून, "मार्को, एक विचारू? तो पांढरा पोशाख. आईंना कधी तो परत हवासा वाटला होता का?"

"परत?" तो ओशाळला. "एप्रिलमध्ये विचारलं तिनं, पांढरा कुठेय. मी म्हटलं, म्युझियममध्ये, अगदी सुरक्षित. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, एखाद्या वस्तूवरच मन अडकतं."

"त्यावर टाचणीनं लावलेली एक चिठ्ठी होती. ‘झा पुत’. तुम्हीच मला अर्थ सांगितला होता."

"प्रवासासाठी. हो. त्यातच ती अमेरिकेला आली असणार." त्यानं हातातल्या ड्रेसकडे बघितलं. "हा निळा तिचा आवडता. काल फ्युनरल होमला घेऊन गेलो तर म्हणाले, कपडे आलेत. तेता रुझानं सगळं केलं होतं. मला आईचे कपडेही निवडू दिले नाहीत."

तो चर्चकडे निघून गेला. आश्लेषाचा फोन वाजला. नीलांबरीकाकू.

"अगं, आज येतेस ना जेवायला? सासूबाईंची तिथी आहे. शशिकांतकाकांनी हाफ डे टाकलाय. खीर, वडे, सगळं केलंय."

"काकू, इथे पार वाट लागलीये. बहुतेक माझी नोकरीच जाणार."

"काय झालं?"

तिनं दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारी, पांढरा पोशाख, प्रवासाची चिठ्ठी.

काकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचं असंच झालं बघ. गेल्या तेव्हा आम्ही इथे. तिकडे दिरांनी घाईघाईत नवी साडी आणून नेसवली. तीन महिन्यांनी मी नागपूरला गेले, ट्रंक उघडली, तर तळाशी गाठोडं. हिरवं लुगडं, बांगड्या, आणि वर चिठ्ठी. ‘जाताना’. एवढंच लिहिलेलं. पंचवीस वर्षं जपून ठेवलेलं गं! अजून दरवर्षी या दिवशी ते आठवतं आणि घशाखाली घास उतरत नाही."

फोन कानाला तसाच धरून आश्लेषा म्युझियमच्या खिडकीकडे बघू लागली.

"हॅलो? आहेस ना?"

"काकू," ती म्हणाली, "मी तुम्हाला नंतर फोन करते."

ती वर पळाली. फाइल काढली. तिच्याच हस्ताक्षरात नोंद होती. गळ्याशी घामाचा डाग नाही, कडेला माती नाही, एकदाही धुतल्याची खूण नाही, स्थिती उत्तम. खाली शेरा, ‘प्रवासाचा पोशाख’. जहाजातून, आगगाडीतून, दोन मुलं काखोटीला मारून आलेल्या बाईच्या कपड्यावर एक डाग नाही? आणि रंग! क्रोएशियातल्या सावा नदीकाठच्या खेड्यांत नवरीला लाल भरतकाम, मुलं झाली की निळं, करडं, वय चढत जाईल तसे रंग उतरत जातात आणि शेवटी उरतं पांढरं. हे तिनं स्वतःच्या रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. लिहिलं होतं, आणि वाचलं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती चर्चमागच्या खोलीत शिरली. मधोमध शवपेटी, बंद. शेजारच्या खुर्चीवर काळा रुमाल बांधून रुझा बसली होती. व्लाडो आणि मार्को दाराशी हळू आवाजात बोलत होते.

"मला दहा मिनिटं द्या," आश्लेषा म्हणाली. "लोक यायच्या आत."

"आता नको," व्लाडो गुरगुरला.

"आताच. आधी तुमची माफी मागते. पोशाख तुम्ही विकला नाहीत. तो कोणीच विकलेला नाही." तिनं श्वास घेतला. "म्युझियमच्या पेटीतला पोशाख धुतलेला नाही. फक्त दोरा चमकतो, कापड नाही. म्हणजे दोरा आजचा आणि कापड जुनं, तिकडच्या खेड्यात विणलेलं. तसं कापड बाहेरच्या चोराकडे नसतं. ते फक्त त्या गावातून आलेल्या बाईच्या संदुकीत असतं. बदलाबदल फ्रीजरमध्ये झाली, कारण तेवढे आठ दिवसच तो कुलपाबाहेर होता. पाकीट कधी आत जाणार, कधी बाहेर येणार, हे मी स्वतःच चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. शिवाय ज्या व्यक्तीनं नक्कल केली तिनं मूळ पोशाख तासन्‌तास जवळून पाहिलेला असणार. जून महिन्यात माझ्या शेजारी बसून."

मार्कोनं हळूच रुझाकडे बघितलं. रुझा समोर बघत होती.

"आणि टाके. कातांच्या हातचे टाके उजवीकडे झुकतात. पेटीतले डावीकडे. उजव्या हातानं शिवणाऱ्याचे टाके असे पडतच नाहीत. तुम्ही चौदा दोरे मोजून कापड जुळवलंत तेता, वेलीचं पानन्‌पान जुळवलंत. हात मात्र बदलता येत नाही."

"रुझा?" व्लाडो म्हणाला. "पण कशासाठी?"

"‘झा पुत’," आश्लेषा म्हणाली. "प्रवासासाठी. मार्को, त्या प्रवासाचा अमेरिकेशी संबंध नाही. आईंनी तो पोशाख एकदाही घातला नव्हता. तो शेवटच्या प्रवासासाठी होता. म्हणून निळा ड्रेस परत आला. म्हणूनच ही शवपेटी बंद आहे. उघडली असती तर व्लाडोनं तो पोशाख लगेच ओळखला असता."

मग रुझानं रुमालाची गाठ सैल केली.

"तीनदा विचारलं मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात राग होता. "व्लाडोला विचारलं. म्हणाला, सही झालीये. मार्कोला विचारलं. म्हणाला, आई विसरते, तिला आता काय करायचंय. तुला विचारलं, पोरी. तू म्हणालीस, फॉर्म."

आश्लेषाला मान वर करवेना.

"ती सतरा वर्षांची होती तेव्हा जवसाच्या काड्या नदीत भिजवून, बडवून, कातून तो केला तिनं. आईबरोबर बसून. मी शेजारची. माझा डावा हात शाळेत मास्तर बांधून ठेवायचे. मला टाका शिकवायला कोणी तयार नव्हतं. मोठी झाल्यावर काताच माझ्यासमोर बसायची, आरशासारखी. म्हणायची, मी करते ते बघ आणि तुझ्या हातानं कर. निवासात रोज मला विचारायची, रुझा, मला काय घालून पाठवणार? मी काय सांगू? निळा ड्रेस, मॉलमधला?"

"तू मला सांगायला हवं होतंस," मार्को कसाबसा म्हणाला.

"सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस."

व्लाडो पेटीकडे सरकला. "ही म्युझियमची मालमत्ता आहे. ती जमिनीत जाणार? मी अध्यक्ष आहे. मला बोर्डाला तोंड द्यायचंय."

"व्लाडो," आश्लेषा म्हणाली, "मी रिपोर्टमध्ये एकही खोटं वाक्य लिहिणार नाही. सोमवारी माझीच चौकशी आहे. पण देणगीच्या कागदावर सही मार्कोची आहे. संदूक कातांची होती, आणि त्या जिवंत होत्या. त्यांची सही कुठेय?"

व्लाडोनं मार्कोकडे बघितलं. आश्लेषाही तिकडे वळली.

"मार्को, तुमच्याकडे आईंच्या वतीनं सही करायचा अधिकार होता का? कागदोपत्री?"

"नाही," मार्को म्हणाला. "कोणी विचारलंच नाही."

"मग तो पोशाख म्युझियमचा कधी झालाच नाही. जो त्यांचा होता तो त्यांच्याकडेच आहे. मी हेच लिहीन."

मार्को पेटीजवळ गेला. "उघड, तेता. मला बघायचंय."

रुझानं व्लाडोकडे बघितलं. तो अडवायला पुढे झाला नाही. झाकण वर गेलं.

मार्कोनं आईला आयुष्यभर सेलमधल्या स्वेटरमध्ये, कारखान्याच्या कँटीनच्या गणवेशात पाहिलं होतं. आत निजलेली बाई त्याला अनोळखी वाटावी इतकी रुबाबदार होती. चुणीन्‌चुणी मोजून लावलेली, पांढऱ्या वेली हनुवटीपर्यंत आलेल्या. तो वाकून रडायला लागला. व्लाडो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "उघडीच ठेवा. लोकांना बघू द्या."

प्रार्थना आणि दफन उरकून माणसं जेवायला बसली तेव्हा दीड वाजून गेला होता. मधल्या काळात आश्लेषानं प्रोफेसरना सगळं सांगितलं. प्रोफेसर खूश झाल्या नाहीत. "मधलं कपाट रिकामं, कॅटलॉग छापून झालाय, आणि तू मला सांगतेस की वस्तू आपण पुरून टाकली," त्या म्हणाल्या. चौकशी रद्द झाली नव्हती. फक्त आता तिच्या बाजूनं बोलायला तीन माणसं येणार होती.

ती वरच्या खोलीत पेटीसमोर बसली होती तेव्हा रुझा जिना चढून, धापा टाकत आली.

"तेता, एक राहिलं," आश्लेषा म्हणाली. "हे कापड. हे कुठून आलं?"

रुझानं परकराच्या चुण्यांवरून हात फिरवला. हातमोजा न घालता. आश्लेषानं तिला थांबवलं नाही.

"माझ्या आईनं विणलेलं. मी अमेरिकेच्या बोटीत चढले त्या दिवशी तिनं दिलं. शिवून घे म्हणाली, वेळ आली की. मी आळशी, कधी शिवलंच नाही."

आश्लेषाला समजायला क्षणभर लागला.

"म्हणजे हे तुमचं… तुमच्यासाठी…"

"काताला आधी गरज होती."

"मी ट्रक परत पाठवते," आश्लेषा उठत म्हणाली. "हे तुमचं आहे. हे कोणाला न्यायचा अधिकार नाही."

"बस खाली. जाऊ दे प्रदर्शनाला. मी दोन महिने डोळे फोडून शिवलंय, कोणी बघायला नको का?" रुझा खुर्चीत टेकली. "फक्त तिथे ‘नक्कल’ असं लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"माझं नाव लिही. आणि त्यांना सांग, संपलं की परत पाठवा. मला काही घाई नाही, पण फार उशीरही करू नका म्हणावं."